जुन्या स्पोर्ट्स कारचे मीटर आणि डॅशबोर्ड: बिघाड कुठे शोधावा, काय दुरुस्त करावे

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये बसल्यावर समोर दिसणारी काळ्या तबकड्यांची रांग हा त्या गाडीचा चेहराच असतो. म्हणून त्यातला एखादा काटा अडकला, की मालकाचा हात लगेच डॅशबोर्डच्या स्क्रूकडे जातो. तो हात थोडा वेळ आवरावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण काटा ही एका लांब साखळीची अगदी शेवटची कडी असते. इंधनाच्या मीटरचेच उदाहरण घेतले, तर टाकीत तरंगणारा फ्लोट, त्याला जोडलेला, पातळीनुसार विद्युतरोध बदलणारा सेंडर, टाकीपासून पुढे येणारी वायर, विद्युतदाब स्थिर ठेवणारी एक छोटी डबी, अर्थची (म्हणजे गाडीच्या पत्र्यातून प्रवाह परत नेणारी) जोडणी आणि सर्वांत शेवटी मीटर, असा तो मार्ग आहे. या सगळ्यांत मीटरच तेवढा काचेआड, कोरड्या जागी बसलेला असतो. सेंडर मात्र कित्येक वर्षे इंधनात बुडालेला असतो आणि वायर चाकांनी उडवलेला चिखल-पाणी सोसत असते. त्यामुळे संशयाची सुरुवात मीटरपासून न करता साखळीच्या दुसऱ्या टोकापासून करावी. मीटर उघडणे हा शेवटचा उपाय ठेवावा, कारण एकदा उघडलेला जुना मीटर पुन्हा पहिल्यासारखा बंद करणे कठीण असते.

उष्णतेवर चालणारे मीटर

साठच्या दशकातील बहुतेक ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये स्मिथ्स कंपनीचे मीटर असत आणि त्यांतील इंधनाचे व पाण्याच्या तापमानाचे विजेवर चालणारे मीटर पुढे द्विधातू पट्टीवर काम करू लागले. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात आणि त्यांच्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. तारेतून प्रवाह गेला की ती तापते. दोन्ही धातू तापून सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नसल्यामुळे पट्टी वाकते आणि काट्याला ढकलते. किल्ली फिरवल्यावर असा काटा संथपणे, काही सेकंद घेत वर चढतो. हा संथपणा दोष नव्हे, गुण आहे. वळणावर टाकीतले पेट्रोल हिंदकळले तरी काटा त्याबरोबर नाचत नाही.

मात्र या रचनेत एक अडचण दडलेली आहे. पट्टी किती तापेल हे सेंडरच्या रोधाइतकेच विद्युतदाबावरही अवलंबून असते, आणि गाडीचा विद्युतदाब तर सतत बदलतो. इंजिन बंद असताना तो साधारण १२.५ व्होल्ट असतो आणि चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास जातो. काहीच उपाय केला नसता, तर इंजिन सुरू होताच टाकीतले पेट्रोल वाढल्यासारखे दिसले असते. म्हणून या मीटरच्या आधी स्टॅबिलायझर नावाची एक छोटी डबी बसवलेली असते. तिच्या आतही एक द्विधातू पट्टी आणि संपर्कबिंदूंची जोडी असते. पट्टी तापली की संपर्क तुटतो, थंड झाली की पुन्हा जुळतो. म्हणजे ही डबी मीटरला कधी पूर्ण दाब देते, तर कधी काहीच देत नाही, आणि या उघडझाकीचा सरासरी परिणाम १० व्होल्टइतका होतो. मीटर स्वतःच संथ असल्यामुळे त्याला ही उघडझाक जाणवत नाही. अमेरिकेत फोर्डने हेच तत्त्व ५ व्होल्टसाठी वापरले होते.

एवढे समजले की अनेक बिघाड गाडीखाली न जाताच ओळखता येतात. इंधन आणि तापमान असे दोन्ही मीटर एकाच वेळी जास्त दाखवू लागले, तर दोन सेंडर एकाच दिवशी बिघडले असण्यापेक्षा दोघांचा सामाईक असलेला स्टॅबिलायझर बिघडला असण्याची शक्यता कितीतरी अधिक. त्यातही पहिला संशय अर्थवर घ्यावा. जुन्या स्टॅबिलायझरला अर्थ त्याच्या धातूच्या आवरणातून, म्हणजे तो ज्या पत्र्यावर स्क्रूने बसवला आहे त्या पत्र्यातून मिळतो. तिथे गंज किंवा रंगाचा थर आला, की आतली पट्टी तापत नाही, संपर्क तुटत नाही आणि मीटरला सतत पूर्ण दाब मिळत राहतो. स्क्रू काढून पत्रा खरवडून स्वच्छ करणे, एवढ्यावरच हा आजार अनेकदा बरा होतो. याउलट दोन्ही मीटर एकदम मेलेले असतील, तर संपर्क कायमचा उघडा राहिला असावा किंवा फ्यूज गेला असावा. दोहोंपैकी एकच मीटर चुकत असेल, तर त्याचा स्वतःचा सेंडर आणि वायर तपासावी.

स्टॅबिलायझर तपासताना डिजिटल मल्टीमीटर लावला, तर आकडा शून्य आणि बारा यांच्यामध्ये उड्या मारताना दिसतो. ते पाहून डबी खराब झाली असा निष्कर्ष काढू नये. तिचे काम नेमके तसेच चालते. डबी खरोखर बिघडली असेल, तर तिच्या मूळ आवरणात ७८१० या क्रमांकाचा, १० व्होल्टचा अर्धवाहक रेग्युलेटर बसवता येतो. बाहेरून काहीच बदललेले दिसत नाही आणि दाब आधीपेक्षा जास्त स्थिर मिळतो. मात्र हा घटक निगेटिव्ह अर्थ असलेल्या, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक पत्र्याला जोडलेल्या गाडीसाठी आहे. एमजीबीसारख्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांमध्ये १९६७ पर्यंत पॉझिटिव्ह अर्थ होता. अशा गाडीत त्याचा जोडीदार, ७९१०, वापरावा लागतो.

सेंडरची परीक्षा रोध मोजून होते, पण आधी गाडी कोणत्या पद्धतीची आहे हे माहीत हवे. स्मिथ्सच्या पद्धतीत टाकी रिकामी असताना रोध जास्त आणि भरलेली असताना कमी असतो. फोर्डच्या जुन्या गाड्यांतही दिशा तीच, रिकाम्या टाकीला सुमारे ७३ ओम आणि भरलेल्या टाकीला १०. जनरल मोटर्सने मात्र १९६५ पासून शून्य ते ९० ओम अशी नेमकी उलट दिशा धरली, आणि युरोपात सर्रास आढळणाऱ्या व्हीडीओ (VDO) या मीटर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्वसाधारण सेंडरमध्येही रिकामी म्हणजे १० आणि भरलेली म्हणजे १८० ओम. एका कंपनीचा सेंडर उलट दिशेच्या दुसऱ्या कंपनीच्या मीटरला जोडला, तर भरल्या टाकीला काटा तळाशी जातो, आणि मालक निर्दोष मीटर उघडून बसतो.

सेंडरची वायर काढून ती क्षणभर अर्थला लावली आणि स्मिथ्सचा काटा वर सरकू लागला, तर मीटर आणि वायर दोन्ही ठीक आहेत, दोष सेंडरमध्येच आहे. ही जोडणी काही सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि द्विधातू मीटरला थेट बॅटरीचे १२ व्होल्ट देऊन तर कधीच पाहू नये. आतली बारीक तार जळाली की पुढे करण्यासारखे फारसे काही उरत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे गाडीखालच्या खळग्यात साचून राहते, म्हणून टाकीतून सेंडर काढण्याआधी बॅटरीची वायर काढावी आणि काम मोकळ्या हवेत करावे. पितळी फ्लोटमध्ये पेट्रोल शिरले असेल तर तो बुडतो आणि मीटर कायम रिकामे दाखवतो. फ्लोट गरम पाण्यात धरला, की जिथे भोक असेल तिथून बुडबुडे येतात. डाख देण्याआधी आतले पेट्रोल थेंबाथेंबाने पूर्ण काढून तो वाळवावा, ही गोष्ट जिवावरची आहे. सेंडर, वायर, अर्थ, स्टॅबिलायझर हे सगळे निर्दोष ठरले आणि तरीही काटा थोडा इकडेतिकडे असेल, तरच मीटरच्या पाठीमागच्या दोन छोट्या छिद्रांतून शून्य आणि पूर्ण या खुणा जुळवाव्यात.

विजेवर चालणाऱ्या काही मीटरांत द्विधातू पट्टीऐवजी तारेची दोन वेटोळी असतात आणि तिथे काटा दोन प्रवाहांच्या गुणोत्तरावर ठरतो. दाब बदलला तरी दोन्ही वेटोळ्यांवर सारखाच परिणाम होत असल्यामुळे तिथे स्टॅबिलायझर लागत नाही. गाडीत तो सापडला नाही म्हणून कोणीतरी काढून टाकला असे समजू नये.

वीज नसलेले मीटर

तेलाचा दाब दाखवणारे अनेक जुने मीटर विजेवर चालतच नाहीत. फ्रेंच अभियंता यूजीन बूर्दाँ याने १८४९ मध्ये पेटंट घेतलेली वाकडी, चपटी नळी त्यांत असते. आत दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. याचा अर्थ इंजिनचे गरम तेल एका बारीक नळीतून थेट डॅशबोर्डच्या मागे येते. ही जाणीव ठेवली, तर त्या वाटेवरची जुनी रबरी नळी वेळेवर बदलण्याचे महत्त्व पटते. ती फुटली तर पायांवर गरम तेल सांडते आणि इंजिनचेही तेल उतरते. काटा हळूहळू चढत असेल तर नळीत गाळ अडकला असावा, आणि इंजिन बंद केल्यावरही तो शून्यावर येत नसेल तर आतली नळी ताणली गेली असावी.

तापमानाचा याच कुळातला मीटर मला सर्वांत सुंदर वाटतो आणि दुरुस्तीला सर्वांत अवघडही. इंजिनमध्ये बसणारा एक पितळी बल्ब, त्यातून निघणारी केसासारखी बारीक छिद्र असलेली लांब नळी आणि तिच्या दुसऱ्या टोकाला बूर्दाँची नळी, असा हा एक कायमचा बंद संच असतो. बल्बमध्ये ईथर भरलेले असते. ईथर साधारण ३५ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून इंजिन तापू लागताच त्याच्या वाफेचा दाब वाढतो आणि तोच दाब काट्यापर्यंत पोहोचतो. तापमान वाढत जाते तसा हा दाब अधिकाधिक वेगाने वाढतो. त्यामुळेच अशा मीटरच्या तबकडीवर कमी तापमानाचे आकडे दाटीने आणि जास्त तापमानाचे मोकळे छापलेले दिसतात.

ही नळी कुठे चेपली किंवा चिरली, तर ईथर उडून जाते आणि काटा तळाशी जाऊन पडतो तो कायमचा. इंजिन काढताना बल्ब पाण्याच्या जागेत घट्ट बसलेला असतो आणि कोणीतरी पान्याने नटाबरोबर नळीही पिळतो, हे त्याचे नेहमीचे कारण. दुरुस्तीची जुनी युक्ती अशी, की त्याच प्रकारच्या एखाद्या स्वस्त, चालू मीटरचा बल्ब आणि नळी घ्यायची, बल्ब मीठ घातलेल्या बर्फात बुडवून ठेवायचा म्हणजे आतला दाब पडतो, मग नळी कापून ती जुन्या मीटरच्या नळीला एका छोट्या पितळी बाहीतून जोडायची आणि डाख द्यायचा. बर्फामुळे ईथर त्या काळात द्रवच राहते आणि निसटत नाही. वाचायला हे सोपे वाटते, पण ईथर ठिणगीने पेट घेते आणि डाखाचा एक थेंब आत गेला तरी बारीक छिद्र बुजते. ज्याने असे काम कधी केलेले नाही त्याने ते जाणकाराकडे सोपवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुरुस्तीनंतरची परीक्षा मात्र कोणालाही करता येते. उकळत्या पाण्यात बल्ब धरला की काटा १०० अंशांच्या खुणेवर यायला हवा. उंच ठिकाणी पाणी दर ३०० मीटरला साधारण एक अंशाने लवकर उकळते, हे तेवढे लक्षात घ्यावे.

वेग आणि फेरे

जर्मनीच्या ओटो शुल्त्सेने १९०२ मध्ये पेटंट घेतलेला स्पीडोमीटर पुढची कित्येक दशके फारसा बदलला नाही. गिअरबॉक्सकडून येणारी लवचीक केबल एक चुंबक फिरवते आणि चुंबकाला न टेकता त्याच्याजवळ ॲल्युमिनियमची एक वाटी असते. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, पण फिरत्या चुंबकामुळे त्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि ते वाटीला चुंबकाच्या मागे ओढतात. केसासारखी बारीक स्प्रिंग वाटीला रोखून धरते, आणि या ओढाताणीत वाटी जिथे थांबते तिथे काटा वेग दाखवतो.

काटा थरथरत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. आतली तार बाहेर काढून सपाट जागेवर ठेवावी आणि एक टोक बोटांत फिरवावे. दुसरे टोक सलग न फिरता उड्या मारत असेल, तर तार कुठेतरी मुडपली आहे. ग्रीस लावताना वरचा एक तृतीयांश भाग कोरडा ठेवावा. फिरणारी तार ग्रीस हळूहळू वर चढवते, आणि ते वाटी व चुंबकाच्या मध्ये पोहोचले की वाटी चुंबकाबरोबर खेचली जाते व काटा भलताच वेग दाखवतो.

वेग स्थिर पण चुकीचा दिसत असेल, तर गाडीच्या इतिहासाकडे पाहावे. ब्रिटिश स्पीडोमीटरच्या तबकडीवर तळाशी १००० किंवा १२८० असा एक बारीक आकडा असतो. एका मैलात केबलने किती फेरे घ्यावेत, हे तो सांगतो. मधल्या काळात कोणी गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल किंवा टायरचा आकार बदलला असेल, तर हे गणित मोडते. तपासणी सोपी आहे. केबल मीटरपासून सोडवून तिच्या टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा खोचावा, गाडी सरळ रेषेत १६.०९ मीटर, म्हणजे मैलाचा शंभरावा भाग, ढकलावी, पुठ्ठ्याचे फेरे मोजावेत आणि त्यांना शंभराने गुणावे. समजा ११ फेरे झाले आणि तबकडीवर १२८० लिहिले आहे, तर खरा वेग ताशी ६० मैल असताना मीटर सुमारे ५२ दाखवणार. अशा वेळी मीटरला दोष नाही. त्याला गाडीनुसार जुळवून घ्यावे लागेल. किलोमीटरच्या मीटरसाठी १० मीटर अंतर घेऊन शंभराने गुणले, की किलोमीटरचे फेरे मिळतात.

एकूण अंतर मोजणारे आकडे थांबले असतील, तर बहुधा एखादे छोटे दातेरी चाक आपल्या दांड्यावर सैल झालेले असते किंवा प्लॅस्टिकचे असल्यास तुटलेले असते. गाडी धावत असताना ट्रिपचे आकडे शून्यावर आणण्याची सवय अशी चाके मोडते. दुरुस्तीपूर्वीचा आकडा छायाचित्रासह नोंदवून ठेवावा आणि दुरुस्तीनंतर तोच आकडा कायम ठेवावा. गाडीच्या पुढच्या मालकाशी प्रामाणिक राहण्याचा तोच मार्ग आहे.

इंजिनचे फेरे दाखवणारा टॅकोमीटर विजेवर चालणारा असेल, तर तो ठिणग्या मोजतो. चार सिलिंडरच्या इंजिनमध्ये प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, म्हणून सेकंदाला १०० स्पंदने दिली की काटा ३००० वर यायला हवा. सहा सिलिंडरच्या मीटरवर तेवढ्याच स्पंदनांना २००० दिसतील. सिग्नल जनरेटर असेल तर मीटर टेबलावर ठेवूनच अशी परीक्षा घेता येते. स्मिथ्सचे यात दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. आरव्हीआय या खुणेचा मीटर विद्युतप्रवाह ओळखतो. इग्निशन कॉइलला जाणारी पांढरी वायर त्याच्या पाठीवरच्या लोखंडी गाभ्यातून वेढा घेऊन जाते. आरव्हीसी या खुणेचा मीटर दाब ओळखतो आणि कॉइलच्या निगेटिव्ह टोकाला जोडला जातो. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यावर पहिल्या प्रकारचा काटा नाचू लागतो किंवा निपचित पडतो, कारण आता प्रवाहाचे रूपच बदललेले असते. गाडीचा अर्थ पॉझिटिव्हवरून निगेटिव्ह केला असेल, तर आरव्हीआय मीटरच्या आतल्या वीजपुरवठ्याच्या जोडण्या आणि पांढऱ्या वायरच्या वेढ्याची दिशा, दोन्ही उलटावे लागतात.

घड्याळाबद्दल एवढेच, की जुनी विद्युत घड्याळे बॅटरी उतरलेली असताना जोडून ठेवू नयेत. कमी दाबावर त्यांचे स्वतःला चावी देणारे संपर्क चिकटून राहतात आणि वेटोळे जळते.

तबकडी उघडण्यापूर्वी

दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या आणि त्यानंतरच्याही काही वर्षांतल्या तबकड्यांवर अंधारात चमकणारे आकडे रेडियमयुक्त रंगाने रंगवलेले असू शकतात. आता ते चमकत नसतील, तरी निर्धास्त होऊ नये. चमक जाते ती रंगातले प्रकाश देणारे जस्ताचे संयुग झिजल्यामुळे, रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षे आहे. असा रंग खरवडणे, घासणे किंवा त्याची धूळ श्वासावाटे आत घेणे घातक आहे. शंका असेल तर काच उघडूच नये.

इतर मीटरांची, काच धरून ठेवणारी बाहेरची कडी स्मिथ्सच्या पद्धतीत थोडी फिरवून खाचांतून निघते, तर व्हीडीओच्या मीटरवर ती मागे दुमडून बसवलेली असते आणि तिची किनार गोलाकार फिरत, थोडीथोडी उचकटावी लागते. तबकडीवरील छपाई अतिशय नाजूक असते. स्पिरिटने ती पुसली जाते, म्हणून मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकण्यापलीकडे जाऊ नये. थोडी पिवळी पडलेली मूळ तबकडी नव्या छापील तबकडीपेक्षा मला नेहमीच मोलाची वाटते. रात्री उजेड कमी पडत असेल, तर मीटरच्या डब्याच्या आतला मूळ फिका रंग काळवंडला आहे का ते पाहावे. तो नव्याने दिला की तेवढ्याच बल्बचा उजेड वाढतो. एलईडी बसवताना चार्जिंगचा इशारा देणारा दिवा मात्र साधाच राहू द्यावा. अनेक गाड्यांत त्या दिव्यातून जाणारा प्रवाहच बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला जागे करतो आणि एलईडीतून तेवढा प्रवाह जात नाही.

डॅशबोर्डचे अंग

मऊ डॅशबोर्डमध्ये पीव्हीसीची कातडी आणि तिच्याखाली पॉलियुरेथेनचा फोम असतो. पीव्हीसी मऊ राहते ती तिच्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यांमुळे. उन्हात ती द्रव्ये उडून जातात, कातडी आखडते आणि काचेजवळ किंवा स्क्रूच्या भोवती तडकते. तड भरताना पत्र्यावरची कडक पुट्टी वापरली, तर दिवसाच्या उष्णतेत कातडी ताणली जाते, पुट्टी मात्र ताणली जात नाही, आणि तिच्या कडेने नवी तड जाते. म्हणून तडीची टोके बारीक गोल भोकांनी थांबवावीत, तिच्या कडा तिरक्या कापाव्यात, लवचीक पॉलियुरेथेनचा भराव द्यावा आणि ओल्या भरावावर मूळ कातडीच्या पोताचा ठसा उमटवावा. तडी अनेक असतील, तर संपूर्ण कातडी नव्याने चढवणेच योग्य. वरून चिकटवायचे कठीण आवरणही मिळते, पण ते मूळ कडा आणि मीटरांभोवतीच्या गोलाई लपवते.

सुरकुतलेल्या काळ्या रंगाच्या पत्र्याच्या डॅशबोर्डवर ती सुरकुती कोणी कोरलेली नसते. रंगाचा जाड थर वरून आधी सुकतो, आतला भाग ओला असताना आखडतो आणि सुरकुत्या पडतात. थर पातळ दिला किंवा उष्णता असमान पडली, तर कुठे गुळगुळीत आणि कुठे खडबडीत असा पत्रा मिळतो, म्हणून आधी टाकाऊ पत्र्यावर हात बसवावा. लाकडी डॅशबोर्डमध्ये बहुधा प्लायवुडवर अक्रोडाचे पातळ व्हिनिअर असते. वरचे वार्निश तडकले असेल आणि खालचे लाकूड निरोगी असेल, तर फक्त वार्निश काढावे; घासकागद जोरात चालवला तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे ते लाकूड क्षणात संपते.

परत बसवताना प्रत्येक वायरला आधीच लावलेली चिठ्ठी आणि उघडण्यापूर्वीची छायाचित्रे समोर ठेवावीत. स्पीडोमीटरची केबल मीटरमागे मोठ्या गोलाईत वळेल एवढी सैल सोडावी, प्रत्येक मीटरच्या अर्थच्या वायरचे टोक घासून स्वच्छ करावे आणि लाकडी किंवा मऊ डॅशबोर्डवर मीटरांचे पकडपट्टे फक्त हाताने आवळावेत. बॅटरी जोडल्यावर इंजिन सुरू करण्याआधी एकदा नुसती किल्ली फिरवून काटे जागचे हलतात का ते पाहावे आणि इंजिन सुरू होताच सर्वांत आधी तेलाच्या नळीचा सांधा हाताने चाचपावा.